मारुतीला न शिवलेला माळी

साहेबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारले नाही. पाय पुढे कर म्हणाले. मी ओसरीच्या पायरीवर वहाणा काढून उभा होतो. त्यांनी वाकून माझ्या पायाच्या बोटांकडे बराच वेळ पाहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून फारच वाकावे लागले.

"माळ्याचा आहेस," ते म्हणाले. "बोटं फाकली आहेत. ओल्या वाफ्यात उभं राहून पाणी वळवणाऱ्याचीच अशी होतात."

हे खरे होते. परतवाड्याच्या अलीकडे आमची वाडी आहे. वांगी, मिरच्या, भोपळे आणि बांधावर झेंडू. शाळेतून आलो की मी पाण्याच्या दांडावर फावडे घेऊन उभा असे. मग त्यांनी माझ्या सदऱ्याचे बटण चाचपले आणि म्हणाले, "हे तू स्वतः लावलं आहेस. आई नाही तुला."

आई होती, चांगली धडधाकट. पण मला अमरावतीत येऊन तीनच दिवस झाले होते, कॉलेजात नाव घातले होते आणि राहायला जागा नव्हती. आमची भाजी विकणाऱ्या अडत्याने मला या घरी पाठवले होते. परसातली खोली मिळणार होती आणि तिच्या बदल्यात रोज संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत साहेबांचे लिखाण करायचे होते. मी मान खाली घातली. आत दारात त्यांची विधवा बहीण उभी होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. ती हळहळली. त्या दिवसापासून माझ्या भाकरीवर तुपाची धार जास्त पडू लागली आणि मला ती खाताना लाज वाटू लागली. उद्या सांगू, परवा सांगू, असे करता करता दिवस गेले आणि मग सांगणे अवघडच होऊन बसले.

साहेब पोलिसातून निवृत्त झाले होते. शिपाई म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर होऊन बाहेर पडले. चोरीचा तपास म्हणजे त्यांचा हातखंडा, असे अजूनही लोक म्हणत. अकोल्याच्या कापसाच्या बाजारात काही गडबड झाली की वरून त्यांनाच पाठवत असत. आता त्यांना आपल्या जुन्या तपासांचे पुस्तक करायचे होते. ते बाजेवर बसून सांगत आणि मी खाली सतरंजीवर बसून लिहीत असे. घरी हे कळले तेव्हा माझे वडील घाबरले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. ते एवढेच म्हणाले, "पोलिसाच्या कागदावर तुहं नाव नको येऊ देऊ, बाबू."

पहिला महिना मी मंत्रमुग्ध होऊन लिहिले. मग माझ्या लक्षात येऊ लागले की तीच हकीकत दुसऱ्यांदा सांगताना बदलते. आधी लंगडा असलेला चोर दुसऱ्या वेळी धावत सुटतो. अकोल्याच्या स्टेशनावरचा पाठलाग बडनेऱ्यात होतो. मला वाटले, माझ्याच लिहिण्यात चूक होत असावी. कॉलेजातही प्राध्यापक भराभर बोलत आणि माझे निम्मे सुटत असे. म्हणून मी एक दुसरी वही केली. पहिल्या वहीत साहेब सांगतील तसे लिहायचे आणि दुसरीत, आधी काय सांगितले होते आणि आता काय सांगितले, एवढेच टिपायचे. ही वही मी त्यांना दाखवली नाही.

आत्याबाईंना मात्र सगळे माहीत होते. एकदा त्या म्हणाल्या, "काल रात्री काय जेवले ते इचार तुह्या साहेबाले. आठवते का पाह्य. अन् वीस वर्साआंधीचा चोर कोन्या हातानं बिडी ओढे, ते सांगते."

"कालची भेंडी होती," साहेब बाजेवरून म्हणाले.

"कारलं होतं बाप्पा, कारलं. कडू लागलं म्हून ठेवून देल्लं तुमी."

साहेब हसले. ते अशा वेळी नेहमी हसत. एका प्रकरणाच्या बाबतीत मात्र ते हसत नसत, त्याबद्दलच मला लिहायचे आहे.

रिद्धपूरपासून चार-पाच कोसांवरच्या एका खेड्यात मारुतीचे चांदीचे डोळे चोरीला गेले होते. साहेब तेव्हा नुकतेच जमादार झाले होते आणि एकट्याने केलेला हा त्यांचा पहिला तपास. दिवस श्रावणाचे होते. शनिवारी सकाळी पुजारी हार घालायला गेला, तर मूर्तीला डोळे नाहीत. साहेबांनी गावच्या रिवाजाप्रमाणे केले. संशय असलेल्या सगळ्यांना देवळात उभे केले आणि एकेकाने मारुतीच्या पायाला हात लावून शपथ घ्यावी असे सांगितले. खोटी शपथ घेणाऱ्याचा वंश बुडतो असे मानतात, त्यामुळे खरा चोर हात लावत नाही. ही युक्ती त्यांना एका जुन्या हवालदाराने शिकवली होती. सगळ्यांनी हात लावला. एक माळी हात मागे बांधून उभा राहिला. पूर्वी त्याच्याच घरून मारुतीला हार जात असे आणि त्या वर्षी तो त्याने बंद केला होता. साहेबांनी त्याला ठाण्यात नेले. मग त्याच्या मांडवात भोपळ्यांचा ढीग होता, त्याखाली डोळे सापडले. अमरावतीच्या कोर्टात त्याला शिक्षा झाली.

पहिल्यांदा त्यांनी हे सगळे सरळ सांगितले. शेवटी थोडे थांबून म्हणाले, "का शिवत नाहीस, हे मात्र त्याला मी विचारलं नाही. राहून गेलं."

हे प्रकरण पुन्हा पुन्हा निघू लागले. एखाद्या दुसऱ्याच चोरीचे सांगता सांगता ते थांबत आणि म्हणत, "तो माळी हात मागे बांधून उभा होता बघ." एकदा त्यांनी मला लिहिलेले वाचायला लावले आणि म्हणाले, "हे पुस्तकात घालायचं की नाही, ते ठरत नाही. तो चोर होता एवढं नक्की कळलं तर घालीन. नसेल तर पुस्तकच नको."

"पण आबा, डोळे सापडले होते ना?" मी विचारले. तोपर्यंत मी त्यांना आबा म्हणू लागलो होतो.

"सापडले होते. भोपळ्याखाली." ते लगेच म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "सापडले होते."

त्या रात्री मी दुसरी वही चाळली. अकोल्याची एक हकीकत होती, एका व्यापाऱ्याच्या घरातून चांदीचे तोडे गेल्याची. तिच्यात तोडे सापडले ते एका भाजीवालीच्या भोपळ्यांखाली. ती हकीकत त्यांनी दोनदा सांगितली होती आणि दोन्ही वेळा भोपळे होते. तेव्हा दिवाळी जवळ आलेली होती, असेही सांगितले होते. आणि मारुतीचे डोळे गेले श्रावणात. मी माळ्याचा मुलगा आहे. श्रावणात भोपळ्याच्या वेलाला फुले असतात, फार तर मुठीएवढी फळे. मांडवात ढीग लागायला दिवाळीच उजाडते.

ढीग अकोल्यातला होता. साहेबांच्या आठवणीत तो रिद्धपूरच्या वाटेवर जाऊन पडला होता. डोळे सापडलेच नसावेत.

मी हे कोणाला सांगितले नाही. माझ्या आईबद्दलचे एवढेसे वाक्य मला चार महिन्यांत दुरुस्त करता आले नव्हते, हे कसे करणार? शिवाय वाटे, म्हाताऱ्या माणसाने स्वतःसाठी एक ढीग रचून घेतला असेल, तर तो मी का उपसावा? मी त्यांच्या घरी राहतो, त्यांचे अन्न खातो. अभ्यास समोर उघडून बसे, पण मनात हेच चाले.

दिवाळीनंतर एका दुपारी आई आली. भाजीच्या बंडीवर बसून वांग्यांची टोपली घेऊन ती थेट दारात उतरली. आत्याबाईंनी दार उघडले.

"कोन पाह्यजे?"

"माहा पोरगा अठी राह्यते ना? कॉलेजात जाते तो."

आत्याबाईंनी वळून माझ्याकडे पाहिले. मी खांबाला टेकून उभा होतो.

"ही कोन रे?"

"आई," मी म्हणालो.

"तुही माय तं मेली होती ना?"

"कोनं मारलं मले?" आईने टोपली खाली ठेवत विचारले.

मी सगळे सांगितले. बटणापासून तुपापर्यंत. आत्याबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खाली बसल्या. आई हसली नाही. "बह्याडा," ती मला म्हणाली, "सायबाच्या चुकीले होय म्हनून माहं श्राद्ध करून टाकलं असतं तूनं." साहेबांनी मात्र हे मनाला लावून घेतले. ते काठी टेकत उठले आणि आईला म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. पोरगा लाजला. मी बटण पाहिलं आणि ठरवून टाकलं. विचारायला पाहिजे होतं."

मग चहा झाला. आई ओसरीच्या कडेला बसली आणि साहेब बोलता बोलता, माळ्याची बाई समोर आहे म्हणून असेल, त्या प्रकरणाकडे वळले. त्यांनी हात मागे बांधून उभा राहिलेला माळी सांगितला. आईने शेवटपर्यंत ऐकले आणि अगदी सहज म्हणाली, "मानभाव असंन तो."

"मानभाव?"

"माह्या मामाचं घर पुरं मानभाव. ते नाई शिवत दुसऱ्या देवाले. जीव गेला तरी नाई. परसाद नाई घेत, हात नाई जोडत. तुमी त्याले मारुतीची शपथ घ्याले लावली, तो कसा घेईन?"

साहेब म्हणाले, "मानभाव, म्हणजे महानुभाव पंथाचे लोक, मला माहीत आहेत. काळे कपडे घालतात, मुंडण असतं. हा तर धोतर-फेट्यातला माळी होता. बायको-पोरं होती."

"ते काये कपडेवाले साधू झाले. घरचे मानसं आपल्यासारखेच राह्यतेत. उपदेश घेतला का झालं. लोकं हासतेत म्हून गावात सांगतही नाई कोनी."

साहेबांची बशी हातातच राहिली. आत्याबाईंनी ती काढून घेतली. आयुष्यभर वऱ्हाडात चोर धरलेल्या माणसाला ही गोष्ट माहीत नव्हती आणि माझ्या निरक्षर आईला माहीत होती. आईच्या बोलण्यात मोठेपणा नव्हता. तिने वांगी कशी शिजवायची तेही लगेच आत्याबाईंना सांगितले आणि बंडी सुटण्याआधी निघून गेली.

संध्याकाळी साहेब बाजेवर न बसता माझ्याजवळ सतरंजीवर बसले. "पण डोळे तर सापडले होते," ते म्हणाले. "मानभाव असला तरी चोर असू शकतो. भोपळ्याखाली डोळे सापडले. तू लिहिलं आहेस. वाच."

मी वही उघडली. पहिली वही. वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या ओळीवरच थांबलो. दुपारी ते आईला म्हणाले होते, विचारायला पाहिजे होतं. आता ते मलाच विचारत होते. मी वही मिटली आणि म्हणालो, "आबा, श्रावणात भोपळे नसतात."

मग मी खोलीतून दुसरी वही आणली आणि अकोल्याचे तोडे, दिवाळी, दोन्ही वेळचे सांगणे, सगळे वाचून दाखवले. वाटले, आता ते मला जायला सांगतील. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली. डोळ्यांमुळे वाचता तर येत नव्हते, तरी पानांवरून बोटे फिरवली.

"कधीपासून ठेवतोस ही?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"बरं केलंस," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला तो ढीग अगदी दिसतो रे. त्यातला एक भोपळा फुटलेला होता. आता कोणत्या गावचा, ते देव जाणे." आणि मग हळूच, "तो माणूस जिवंत असेल का?"

शोध आईनेच लावला. त्या खेड्यात तो माळी आता राहत नाही, एवढे आधी कळले; मग तिच्या मामाकडच्या लोकांत तोंडी निरोप फिरला. बाहेरगावाहून येऊन वसलेला माळी, जुना, उपदेशी. पंधरा दिवसांनी भाजीच्या बंडीवरून उत्तर आले. रिद्धपूरजवळच्या एका वस्तीत असा माणूस होता, अजून फुलांची वाडी करत होता.

आम्ही मोर्शीकडच्या मोटारीने निघालो. साहेबांनी जुना काळा कोट घातला होता. आत्याबाईंनी तो घालू नका म्हणून परोपरीने सांगितले. "पोलीस दिसता त्याच्यात," त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "म्हणूनच घातला." फाट्यावर उतरल्यावर एका कास्तकाराने आम्हाला आपल्या बैलांच्या दमणीत घेतले. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती. साहेबांनी वाटेत तीनदा विचारले, आपण कुठे चाललो आहोत. तिन्ही वेळा मी सांगितले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." खरे काय ते मला कळले नाही.

तो माणूस शेवंतीच्या वाफ्यात खुरपे घेऊन बसला होता. साहेबांपेक्षा थोडा लहान असावा. आम्हाला पाहून उठला, बाज टाकली. साहेब बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी गावाचे नाव घेतले, मारुतीच्या डोळ्यांचे सांगितले आणि म्हणाले, "तुम्हाला ठाण्यात नेणारा जमादार, तो मी."

त्या माणसाने त्यांना नीट न्याहाळले. "नोहे बुवा," तो म्हणाला. "तो जमादार उंच होता. मोठ्या मिशा होत्या त्याले. तुमी नोहे."

"मिशा होत्या मला. काढल्या नंतर."

"अन् उंची? तेही काढली?"

मला हसू आले, ते मी आवरले. साहेब हसले नाहीत. "मीच तो," ते पुन्हा म्हणाले.

"तो लय चांगला मानूस होता," माळी म्हणाला. "मले बोट नाई लावलं त्यानं. भाकर खाऊ देल्ली. तुमचं काही चुकून राह्यलं, साहेब. बसा."

साहेब बसले. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी विचारले, "त्या दिवशी मारुतीला शिवले काहून नाही तुम्ही?" इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून 'का'ऐवजी आमचे वऱ्हाडी 'काहून' मी कधी ऐकले नव्हते.

"त्याच साली उपदेश घेतला होता," माळी म्हणाला. "एक देव धरला म्हंजे धरला. मारुतीचा राग नोहता मले. इतके वर्सं माह्याच घरचा हार जाये त्याले. पन आता हात नाई लावता येत, तं नाई लावता येत."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं नाई कोनी."

साहेबांनी मान हलवली. ते काही बोलणार तोच घरातून एक म्हातारी बाहेर आली. मघापासून ती दाराआडून ऐकत असावी. तिने साहेबांच्या समोर येऊन नवऱ्याला सांगितले, "हेच ते."

"नोहे व."

"हेच. मी दोन दिवस ठान्यासमोर बसून राह्यली, लुगड्यात भाकर बांधून. भाकर आत पोचती करा म्हून ह्याइचेच पाय धरले होते. तुमी भिंतीकडे तोंड करून बसले होते, तुमाले काय दिसते? मी पाह्यले. ह्या कोटात नोहते, पन हेच."

साहेब बाजेवरून उठले. त्यांनी विचारले, "डोळे सापडले होते का, बाई?"

"कोठचे डोये? काईच नाई सापडलं. तिसऱ्या दिवशी सोडून देल्लं."

"कोर्टात शिक्षा?"

"कोर्ट कोनं पाह्यलं? पोलिसानं सोडलं, पन गावानं नाई सोडलं. चोराच्या वाडीतली भाजी कोन घेते? वांगे सडले झाडाले. विहिरीवर बाया घागर बाजूले सरकवत. सालभर काढलं अन् अठी आलो. सासरा तठीच मेला, एकटा. जागा सोडून येतो म्हने नाई तो."

साहेबांना शिक्षेची आठवण होती, ती कदाचित गावाने दिलेल्या या शिक्षेवरून आली असेल. मला ठाऊक नाही. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले. "माझं चुकलं," ते म्हणाले.

"चुकलंच," म्हातारी म्हणाली.

आता माळ्यालाच अवघडल्यासारखे झाले. "जाऊ दे व. किती वर्सं झाले. लंबा पल्ला गाठून आले ते."

"तुमी इसरले ते बरं झालं. मी नाई इसरली. मले इसरायचंही नाई." ती हे साहेबांकडे पाहून बोलत होती, पण आवाज चढलेला नव्हता. "पन तुमी आले. दुसरं कोनी नाई आलं. ना पाटील, ना तो पुजारी." मग ती माझ्याकडे वळली. "हा कोन? नातू?"

"माझं लिहितो," साहेब म्हणाले. "आणि चुकलं तर सांगतो."

"मंग जेवाले बसवा दोघाले," ती नवऱ्याला म्हणाली आणि आत गेली.

आम्ही ओसरीवर बसलो. तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले घातलेली वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. साहेबांना अर्धी भाकरसुद्धा जड जात असे, तेवढीच ते खात. ती अर्धी संपल्यावर म्हातारीने न विचारता त्यांच्या ताटात आणखी अर्धी टाकली आणि समोर चुलीला पाठ देऊन उभी राहिली. साहेबांनी एकदा वर पाहिले, मग भाजीत भाकर कुस्करली आणि तीही संपवली. माळी तोपर्यंत मला शेवंतीची कलमे कशी लावतात ते सांगू लागला होता. मला ते येत होते, तरी मी ऐकत राहिलो.